मंडळाला ग्रामपंचायतीचा निधी कसा मिळतो: कोकणातल्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

कोकणात वाडीगणिक मंडळ आहे. कुठे क्रिकेटचं, कुठे भजनाचं, कुठे जुनं वाचनालय, कुठे महिलांचे गट, आणि बहुतेक गावांचं एक मंडळ मुंबईतही. खर्च वर्गणीतून आणि चाकरमान्यांच्या खिशातून भागतो. मग कधीतरी बैठकीत कुणीतरी म्हणतं, ग्रामपंचायतीकडे निधी येतो, आपणही अर्ज टाकूया. अर्ज जातो: 'आमच्या मंडळास आर्थिक साहाय्य मिळावे ही नम्र विनंती.' त्यावर आवक शिक्का बसतो, पोच मिळते आणि कागद फायलीत जाऊन पडतो.

याचं खापर लोक लगेच राजकारणावर फोडतात. कधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा अडचण अर्जातच असते. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपरिषद यांना मनात येईल त्याला देणगी देता येत नाही. कायद्याने सोपवलेलं काम त्या तुमच्या हातून करून घेऊ शकतात, किंवा त्यांच्या मालकीची वास्तू आणि साहित्य तुम्हाला चालवायला देऊ शकतात. म्हणून 'आम्हाला पैसे द्या' या अर्जाला ठेवायला जागाच नसते. 'हे काम तुमच्या यादीत आहे, ते आमच्या वाडीत व्हावं, ते आम्ही चालवू' असा अर्ज आला की ग्रामपंचायत अधिकाऱ्याला तो कुठे बसवायचा हे कळतं. (ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एकत्र करून २०२४ मध्ये हे नाव आलं. गावात अजून सगळे ग्रामसेवकच म्हणतात.)

पहिली पायरी: लेखाशीर्ष शोधा

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ ला जोडलेली एक ग्रामसूची आहे. ग्रामपंचायतीने काय काय करायचं याची ती यादी. तिच्यात रस्ते, दिवाबत्ती, पाणी, स्वच्छता आहेच. त्याबरोबर वाचनालयं, क्रीडांगणं, आखाडे, कला आणि संस्कृतीला उत्तेजन हेही आहे. ही यादी एकदा शांतपणे वाचा. तुमचं काम तिच्यात कुठे बसतं ते वाक्य अर्जात उतरवा.

मग पैसा कोणत्या पेटीतून, म्हणजे खर्चाच्या कोणत्या लेखाशीर्षाखालून, येऊ शकतो ते पाहा. ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी. लहान गावात ते फार नसतं, पण त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं बंधनकारक आहे. अनेक ग्रामपंचायतींत मार्च आला तरी हा राखीव पैसा कशावर खर्चायचा ते ठरलेलं नसतं. महिला मंडळाने किंवा दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थेने ऑक्टोबरातच नेमका प्रस्ताव दिला, तर ग्रामपंचायतीचीही सोय होते. माझ्या मते नव्या संस्थेने सुरुवात इथूनच करावी. रक्कम लहान असते, पण निर्णय गावातच होतो आणि काम करून दाखवल्याचा पहिला कागद हाती येतो.

दुसरी पेटी वित्त आयोगाची, म्हणजे केंद्राकडून येणाऱ्या पैशाची. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा महाराष्ट्रात ८० टक्के ग्रामपंचायतींना, १० टक्के पंचायत समित्यांना आणि १० टक्के जिल्हा परिषदांना वाटला गेला. २०२१-२२ पासून त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता, ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायचा. एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा काळ सुरू झाला आहे, त्यामुळे चालू वर्षाचे नियम पंचायत समितीत विचारून घ्या. हा पैसा गावाच्या विकास आराखड्यात आधी नोंदलेल्या कामावरच खर्च होतो. आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही पाहता येतो. अर्ज करण्याआधी आपल्या गावाचा मागच्या वर्षीचा आराखडा तिथे उघडून बघाच. काय मंजूर झालं, किती खर्च झाला, सगळं दिसतं.

त्याहून मोठं काम असेल तर जिल्हा परिषद. तिच्या सेस फंडातून (म्हणजे स्वतःच्या उत्पन्नातून) समाजकल्याण आणि महिला व बालकल्याण विभागाच्या योजना चालतात. वैयक्तिक लाभाच्या बऱ्याच योजनांत २०१६ अखेरच्या शासन निर्णयापासून वस्तू हातात देत नाहीत. लाभार्थी आधी खरेदी करतो, पावती देतो, मग रक्कम खात्यात येते. शिलाई मशीन मिळवून देऊ असं महिलांना सांगण्याआधी सुरुवातीचे पैसे कोण घालणार ते ठरवा.

व्यायामशाळा आणि क्रीडांगणासाठी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडे अनुदान योजना आहेत, आणि त्यांचा निधी जिल्हा नियोजन समितीतून येतो. पालकमंत्री या समितीचे अध्यक्ष असतात. देवस्थानाजवळ शौचालय, निवारा, रस्ता हवा असेल तर ते देवळाच्या नावाने मागू नका. याच समितीकडून 'क' वर्ग तीर्थक्षेत्राचा दर्जा आहे का ते पाहा. मूर्ती, गाभारा, कळस यांवर सरकारी पैसा खर्चायचा नाही, आणि ते योग्यच आहे.

वाचनालयांची वाट वेगळी. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ प्रमाणे मान्यता मिळाली की अ, ब, क, ड वर्गानुसार राज्याचं वार्षिक अनुदान सुरू होतं. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. ज्या जिल्ह्यात वाचनालयाची परंपरा एवढी जुनी आहे, तिथे खेड्यातलं ग्रंथालय पुस्तकांची नोंदवही धड ठेवली नाही म्हणून वर्गवारीत अडावं, याचं वाईट वाटतं.

किनाऱ्यावरच्या गावांना आणखी एक दार आहे आणि ते फार कमी मंडळांना माहीत असतं. कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना २०१७ पासून चालू आहे. खाडीकाठच्या गावात ग्राम कांदळवन सहव्यवस्थापन समिती होते आणि तिच्यामार्फत खेकडापालन, कालवंपालन, निसर्ग पर्यटन अशा कामांना अनुदान मिळतं. गटाने केलेल्या कामाला ९० टक्क्यांपर्यंत. वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत महिलांचा बचत गट होडीतून कांदळवनाची सफर घडवतो, ते एकदा बघून या. आणि पालघरमध्ये डहाणूसारख्या अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना पेसाचा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींसाठीच्या कायद्याचा) ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो. त्याचा निर्णय ग्रामसभा घेते.

दुसरी पायरी: संस्थेचे कागद

नोंदणी नसेल तर पुढे काहीच होत नाही. किमान सात सभासदांनी संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली अर्ज करायचा, आणि महाराष्ट्रात त्याबरोबर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंदणी होते. दोन्हीची प्रमाणपत्रं धर्मादाय कार्यालयातून मिळतात. पॅन, राष्ट्रीयीकृत किंवा जिल्हा बँकेत खातं, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक एवढं फायलीत असलं की बहुतेक ठिकाणी चालतं.

कोकणात इथे तीन ठिकाणी घोळ होतो. एक, मंडळ मुंबईच्या पत्त्यावर नोंदलेलं असतं, लालबाग किंवा परळच्या चाळीतल्या खोलीचा पत्ता, आणि घटनेत कार्यक्षेत्र 'मुंबई' एवढंच लिहिलेलं. मग गावातलं काम त्या संस्थेच्या नावावर घेता येत नाही. घटना काढून कार्यक्षेत्र आणि उद्देश वाचा. बदल लागत असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव करून तो धर्मादाय कार्यालयात नोंदवा. दोन, पदाधिकारी बदलले तरी बदल अर्ज गेलेला नसतो. तो ९० दिवसांत द्यायचा असतो. कागदावर अजूनही दहा वर्षांपूर्वीचे अध्यक्ष असतील, तर आजच्या अध्यक्षांच्या सहीला किंमत नाही. तीन, नावाचं स्पेलिंग. नोंदणीत 'ग्रामविकास मंडळ', पॅनवर 'ग्राम विकास मंडळ मुंबई' आणि बँकेत तिसरंच काही, असं असेल तर ऑनलाइन प्रणालीत रक्कम परत जाते. तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा.

सहीचा अधिकार असलेल्यांपैकी निदान दोघे गावात राहणारे असावेत. खजिनदार विरारला आणि धनादेश गावात, अशा स्थितीत काम मे महिन्यात संपत नाही.

बचत गट असेल तर ही नोंदणी लागत नाही. उमेद अभियानात (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) गट, त्यावर ग्रामसंघ, त्यावर प्रभागसंघ अशी रचना आहे. फिरता निधी आणि समुदाय गुंतवणूक निधी त्या वाटेने येतो. त्यासाठी तालुका अभियान कक्षात जायचं.

तिसरी पायरी: जागा

सगळ्यात जास्त प्रस्ताव इथे मरतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सरकारी पैसा खासगी जमिनीवर खर्च होत नाही. वाडीतले सगळे म्हणतात, जागा आहे की, अमक्याने मंडळाला दिलीय. तोंडी दिलेली असते. तिचा सातबारा काढला की वर आजोबांचं नाव, खाली पंचवीस-तीस वारस. कुणी बोरिवलीला, कुणी सुरतेला, कुणी वारलेले आणि त्यांच्या वारसांची नोंदच नाही. गुंठाभर जागेसाठी एवढ्या सह्या गोळा कराव्या लागतात. मालवणी मुलखात तलाठी एकच विचारतो, "कागद खंय आसा?" आणि तिथे बैठक संपते.

यावर माझा सल्ला असा. नवी जागा मिळवण्याच्या मागे लागण्याआधी ग्रामपंचायतीच्या ताब्यात आधीच काय आहे ते पाहा. नमुना २२ च्या स्थावर मालमत्ता नोंदवहीत ग्रामपंचायतीच्या मिळकती दिसतात: बंद पडलेली शाळाखोली, जुनं समाजमंदिर, वापरात नसलेला व्यापारी गाळा. पटसंख्या घसरल्यामुळे कोकणातल्या कित्येक वाड्यांत शाळेच्या चांगल्या चिरेबंदी खोल्या रिकाम्या आहेत. त्या जिल्हा परिषदेच्या मालकीच्या असतात, म्हणून तिथली परवानगी लागते, पण वापरासाठी खोली मागणं हे नवं बांधकाम मागण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

जमीन घ्यायचीच असेल तर ती ग्रामपंचायतीच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्राने करून घ्या. मुद्रांकाच्या कागदावरचं संमतीपत्र कधी कधी चालवून घेतात, पण पुढच्या पिढीत भाऊबंदकी उठली की त्याच कागदावरून वाद होतो. वारसांच्या सह्यांचं काम गणपतीत किंवा शिमग्यात करा. तेव्हाच सगळे गावात असतात. बक्षीसपत्राचा मसुदा आधी तयार ठेवून दुय्यम निबंधकाची वेळ घेऊन ठेवली, तर पाच दिवसांच्या गणपतीत हे होऊ शकतं.

समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेडचा (किनारपट्टी नियमन क्षेत्राचा) नकाशा पाहिल्याशिवाय बांधकामाचा प्रस्तावच करू नका. तालुक्याचा शाखा अभियंता पहिली चौकशी याचीच करतो.

चौथी पायरी: ग्रामसभा आणि ठराव

ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हाव्या लागतात. बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास. गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल ते. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली तर पुन्हा भरते आणि तेव्हा गणपूर्तीची अट नसते. तीत मात्र कोण हजर आहे यावर सगळं ठरतं.

तुमचा विषय नोटिशीत यायला हवा. 'ऐनवेळचे विषय' यात घुसवलेला ठराव पुढे कुणीही हाणून पाडू शकतो. म्हणून सभेच्या महिनाभर आधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. महिला व बालकांचा विषय असेल तर ग्रामसभेच्या आधी होणाऱ्या महिला सभेत तो मांडा. तिथे मंजूर झालेला विषय मुख्य सभेत पुरुषमंडळींना सहज उडवता येत नाही.

ठरावाचे शब्द ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर सोडू नका. स्वतः लिहून न्या. एका अभ्यासिकेसाठी असा नमुना उपयोगी पडेल:

'ग्रामपंचायत मिळकत क्र. ___ मधील खोली ___ या नोंदणीकृत संस्थेस (नोंदणी क्र. ___) तीन वर्षांच्या करारनाम्याने अभ्यासिका चालविण्यास देण्यात यावी. मालकी ग्रामपंचायतीकडेच राहील. टेबल, खुर्च्या व पुस्तके ग्रामपंचायतीने खरेदी करून आपल्या जडवस्तू नोंदवहीत नोंदवावीत व संस्थेच्या ताब्यात द्यावीत. वीजबिल व देखभाल संस्थेने करावी. अभ्यासिका गावातील सर्व विद्यार्थ्यांस खुली राहील. यासाठी सन ___ च्या आराखड्यात रु. ___ तरतूद करण्यास ही ग्रामसभा मंजुरी देत आहे. सूचक: ___ अनुमोदक: ___ ठराव सर्वानुमते मंजूर.'

यातली 'सर्व विद्यार्थ्यांस खुली' ही ओळ कधीही गाळू नका. वाडीच्या, समाजाच्या किंवा भावकीच्या मंडळाला सार्वजनिक पैसा मिळतो तो या ओळीमुळे, आणि ती खरोखर पाळायचीही आहे. सूचक आणि अनुमोदक दोन वेगळ्या वाड्यांतले घ्या. सभा संपल्यावर आठवड्याभरात ठरावाची सहीशिक्क्याची नक्कल मागून घ्या, कारण पुढच्या प्रत्येक टेबलावर तीच मागतात.

एक गंभीर सूचना. अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे ग्रामपंचायतीच्या कामात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर सदस्य अपात्र ठरू शकतो. लहान गावात मंडळाचा अध्यक्षच ग्रामपंचायतीचा सदस्य असतो, कधी सरपंचच. अशा वेळी प्रस्ताव देण्याआधी त्याने मंडळाचं पद रीतसर सोडावं, बदल अर्ज करावा आणि त्या विषयाच्या चर्चेतून बाहेर राहावं. चांगलं काम करणाऱ्या माणसाचं सदस्यत्व चार खुर्च्यांपायी जाऊ देऊ नका.

पाचवी पायरी: पावसाचं पंचांग

सरकारचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. कोकणात कामाचं वर्ष ऑक्टोबरला सुरू होऊन जूनच्या पहिल्या आठवड्यात संपतं. ही दोन वर्षं जुळवणं हेच खरं नियोजन.

२ ऑक्टोबरपासून गाव आराखड्याची मोहीम असते. तुमचं काम तेव्हा यादीत आलं पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत ग्रामपंचायतीचं पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक बनतं, तो नमुना १. मार्चमध्ये जिल्हा परिषदेचं. म्हणजे आज मागितलेलं काम लवकरात लवकर पुढच्या दिवाळीनंतर उभं राहणार, असं धरून चाला. मार्चअखेर मंजुरी आली तर हातात दोनच महिने उरतात. पाऊस लागला की चिऱ्याच्या खाणी बंद होतात आणि वाडीच्या कच्च्या रस्त्यावरून गाडी वर चढत नाही. चिरा आणि सिमेंट एप्रिलमध्येच जागेवर आणून झाकून ठेवा. छप्पर दुरुस्तीचं काम तर फेब्रुवारीच्या पुढे ढकलूच नका.

निवडणुकीची आचारसंहिताही हिशेबात धरा. त्या काळात नवी मंजुरी आणि कार्यारंभ आदेश थांबतात. २०२२ मध्ये मुदत संपल्यावर रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्हा परिषदांवर कित्येक वर्षं प्रशासक होते. अशा काळात सदस्यांकडे फेऱ्या मारण्यात अर्थ नसतो, थेट गटविकास अधिकारी आणि खातेप्रमुखांना लेखी अर्ज घेऊन भेटायचं.

सहावी पायरी: मंजुरीपासून बिलापर्यंत

क्रम साधा आहे: अभियंत्याचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, काम, मोजमाप पुस्तिकेत नोंद, बिल, पूर्णत्वाचा दाखला. साहित्य खरेदी असेल तर तीन दरपत्रकं. कार्यारंभ आदेश हाती येण्याआधी एक वीटही रचू नका. आधी केलेल्या कामाचे पैसे मागाहून मिळत नाहीत, कुणी कितीही आश्वासन दिलं तरी.

अंदाजपत्रक सरकारी दरसूचीवर बनतं. घाटी चढून डोक्यावरून माल न्यावा लागणाऱ्या वाडीत प्रत्यक्ष खर्च जास्त येतो. तो फरक लोकवर्गणी आणि श्रमदानातून भरायचा. मुंबई मंडळाची खरी मदत इथे होते: त्यांनी हा फरक आधीच वेगळा काढून ठेवावा आणि बिल निघेपर्यंत लागणारी हातउचल द्यावी.

सातवी पायरी: हिशेब

सरकारी पैशाला वेगळी खातेवही. उत्सवाची वर्गणी आणि हा पैसा एकत्र आला की लेखापरीक्षणात दोन्ही अडकतात. प्रत्येक खर्चाला जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर दोन सह्या आणि प्रमाणक क्रमांक. मिळालेल्या प्रत्येक वस्तूची साठा नोंदवहीत नोंद, आणि वस्तूवर रंगाने क्रमांक. खुर्ची मोडली तर ती फेकून न देता मोडल्याची नोंद करा, कारण स्थानिक निधी लेखापरीक्षेत ती मोजली जाणार आहे. कामाआधीचा, काम चालू असतानाचा आणि नंतरचा, असे त्याच कोनातून काढलेले तीन फोटो ठेवा.

काम संपल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) वेळेत द्या. ते थकलं की पुढचा हप्ता थांबतो, आणि तुमच्यामुळे ग्रामपंचायतीचाही थांबू शकतो. संस्थेचं स्वतःचं लेखापरीक्षण ३० सप्टेंबरपर्यंत करून घ्या. आणि झालेला खर्च ग्रामसभेत स्वतः उभे राहून वाचून दाखवा. कायदा तुमच्याकडून हे मागत नाही, तरीही करा. गावाचा पैसा आहे, गावाला तो ऐकायचा हक्क आहे.

अर्जाला उत्तरच आलं नाही तर

महिनाभर थांबून स्मरणपत्र द्या, त्यात मूळ अर्जाचा आवक क्रमांक लिहा. तरीही काही नाही, तर माहितीच्या अधिकारात तीनच गोष्टी मागा: अर्जावर झालेल्या कार्यवाहीची नोंद, संबंधित लेखाशीर्षाखाली चालू वर्षाची तरतूद आणि झालेला खर्च, आणि त्याच शीर्षाखाली मंजूर झालेल्या कामांची यादी. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तरतूद शिल्लक आहे असं त्या उत्तरात दिसलं, तर तोच कागद जोडून गटविकास अधिकाऱ्याकडे नवा अर्ज करा. तरतूदच नसेल, तर पुढच्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी विषय ऑगस्टमध्येच देऊन ठेवा.